बाई, विचारू का? : दोनशिक्षकी शाळेतला दुसरा शिक्षक

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची निघाली. शाळा आहे, पोरं आहेत, शिक्षक नाही. किंवा शिक्षक आहे, पण टिकत नाही. त्यातली चार पत्रं इथं घेतली आहेत. नातवाच्या अक्षराबद्दल विचारणाऱ्या उत्तूरच्या आजोबांचं पत्र पुढच्या अंकाला ठेवलंय. आजोबा, रागावू नका, तोवर त्याला रोज पाच ओळी लिहायला लावा.

बाई, आमची वाडी गगनबावडा तालुक्यात. चौथीपर्यंत शाळा, १७ पोरं, दोन शिक्षक मंजूर. एक गुरुजी बदलून गेले त्याला दीड वर्ष झालं, जागा रिकामीच. दुसरे आहेत ते चांगले आहेत, पण आठवड्यातनं एक-दोन दिवस मीटिंग नाहीतर कसली तरी माहिती भरायला तालुक्याला. त्या दिवशी शाळेला कुलूप. ग्रामपंचायतीकडं वित्त आयोगाचे पैसे येतात. त्यातनं गावातलीच डी.एड. झालेली पोरगी ठेवली तर चालंल का? मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष हाय, नुसता सहीपुरता नव्हे.

अध्यक्ष, शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. सहीपुरते अध्यक्ष मी नोकरीभर बघितले. ठराव आधी लिहून तयार असायचा आणि अध्यक्ष गोठ्यातनं हात पुसत येऊन सही करून जायचे.

आधी पैशाचं. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेला जातो. अबंधित भाग गावाच्या गरजेप्रमाणं खर्चता येतो, शिक्षणावरही येतो, पण पगार आणि आस्थापना सोडून. म्हणजे वर्गाची फरशी करा, पत्रे बदला, टीव्ही लावा. त्या पोरीच्या हातात मानधन ठेवायचं म्हटलं की ग्रामसेवक पेन खाली ठेवतील, आणि त्यांचं बरोबर आहे. लेखापरीक्षणात वसुली त्यांच्या अंगावर निघते. शाळेला समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं, तिथंही तेच. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये. त्यात खडू, लाइटबिल, झाडू आणि पावसाळ्यातली गळती. मानधनाला त्यातलं काही वापरता येत नाही.

उरली ग्रामपंचायतीची स्वतःची घरपट्टी-पाणीपट्टी, म्हणजे स्वनिधी, आणि लोकवर्गणी. वाडीवस्तीच्या ग्रामपंचायतीचा स्वनिधी किती असतो ते मी सांगायला नको. वर्गणी मात्र निघते. मुंबईत गेलेली तुमची माणसं गणपतीला गावी येतात, तेव्हा विषय काढा. तिसरी वाट कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या वसाहतींत मोठ्या नफ्याच्या कंपन्या आहेत. ज्या कंपनीला कंपनी कायद्यातलं हे कलम लागू होतं तिला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामाला द्यावी लागते, आणि शिक्षण त्या यादीत आहे. सहकारी साखर कारखाना किंवा दूध संघ कंपनी कायद्याखाली येत नाही, त्यामुळं तिथं ‘दोन टक्के द्या’ म्हणून जाऊ नका. तिथं ओळखीनं जा. कंपनीकडून पैसे घ्यायचे तर मध्ये नोंदणी असलेली संस्था लागते. तालुक्यात अशी एखादी असतेच, शोधा.

आता मला खरं सांगायचंय ते. वर्गणीची पोरगी शाळेत आली की वरचा कागद थंड पडतो. मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी, असताना हे डोळ्यांनी बघितलंय. रिक्त जागांच्या यादीत ‘स्थानिक व्यवस्था केली आहे’ असा शेरा पडला की त्या गावचा नंबर खाली गेलाच म्हणून समजा. तो शेरा मीही एकदा लिहिलाय. गाव आनंदात होतं आणि मलाही त्या महिन्यापुरती डोकेदुखी कमी झाल्यासारखं वाटलं. पुढची दोन वर्षं तिथं शिक्षक गेला नाही.

म्हणून क्रम उलटा धरा. आधी कागद करा, मग पोरगी ठेवा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० पर्यंत पट असला तर दोन शिक्षक सांगितलेत. कलम २६ म्हणतं, शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नसावीत. तुमच्याकडं दोनातलं एक रिकामं, म्हणजे ५० टक्के. हे गणित ठरावात तसंच्या तसं लिहा. मग कलम ३२ खाली लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडं, म्हणजे आपल्याकडं जिल्हा परिषदेकडं द्या. तीन महिन्यांत निर्णय द्यायचं बंधन त्यांच्यावर आहे. नाही दिला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील. अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत द्या आणि पोच घ्या. पोचेवर तारीख आणि शिक्का दोन्ही हवेत. नुसती सही घेऊन आलात तर परत जा.

एक तारीख ध्यानात ठेवा, ३० सप्टेंबर. त्या दिवसाच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं. तुमच्या वाडीतली पोरं ऊसतोडीला आई-बापांबरोबर बाहेर जात असली, किंवा आधारच्या नोंदीत नावात चूक असली, तर पट कमी दिसतो आणि मंजूर जागाच उडते. मग भांडायला जागाच शिल्लक राहत नाही.

पोरीला ठेवाल तेव्हा ‘स्वयंसेविका’ म्हणून ठेवा, समितीच्या ठरावानं, हजेरी वेगळ्या वहीत, पैसे बँकेतून. तिला मात्र खोटी आशा लावू नका. कायम नोकरीची वाट पवित्र पोर्टलवरनंच, म्हणजे सरकारच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरनंच, जाते. त्यासाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, हवी, मग अभियोग्यता चाचणी. तिला संध्याकाळी अभ्यासाला वेळ मिळेल एवढंच काम द्या.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, तेव्हा पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड होता. आता पोरं दारात उभी आणि कुलूप आतनं नाही, बाहेरनं. दंड कुणाला करायचा ते तुमच्या तक्रारीत विचारून बघा, माझ्यातर्फे.

बाई, मी मूळची लातूर जिल्ह्यातली. चंदगड तालुक्यात शिक्षण सेवक (कायम होण्याआधीची मानधनावरची नेमणूक) म्हणून दुसरं वर्ष. मानधन १६,००० रुपये. खोलीभाडं, गॅस, दिवाळी आणि उन्हाळ्याचं घरी जाणं यातच संपतं. शाळा अवघड क्षेत्रात आहे. गडचिरोलीत कायम असलेल्या माझ्या मावसभावाला जादा पैसे मिळतात, मला दुर्गम भत्ता का नाही? घरचे म्हणतात, सोड आणि इकडं बँकेची परीक्षा दे. मुलं मात्र जीव लावतात. काय करू?

पोरी, भत्त्याचं आधी सांगते, कारण त्याचं उत्तर सरळ आहे आणि कडू आहे.

तुझ्या भावाला मिळतं ते ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयानं. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी, शिवाय मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता, कमाल १,५०० रुपये. ही १,५०० ची मर्यादा २००२ ची आहे, तेव्हा गॅसची टाकी केवढ्याला होती ते आठव. आपला जिल्हा आदिवासी उपयोजनेत नाही, नक्षलग्रस्तही नाही. त्यामुळं चंदगडच्या जंगलात हत्ती येवोत की गवे, तो निर्णय इथं लागू नाही.

मग ‘अवघड क्षेत्र’ म्हणजे काय? ते बदल्यांच्या धोरणातलं नाव आहे, पगाराच्या नव्हे. २०२१ च्या धोरणात त्याचे सात निकष आहेत. २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, डोंगरी भाग, हिंस्र जनावरांचा उपद्रव, मोबाइलला रेंज नसणं, वाहतुकीची सोय नसणं, महामार्गापासून १० किलोमीटरच्या पलीकडं असणं, आणि नक्षलग्रस्त किंवा पेसा, म्हणजे आदिवासी स्वशासनाचा कायदा लागू असलेलं, गाव. यातले तीन भरले की शाळा अवघड. आणि अशा शाळेत तीन वर्षं काढलेल्या शिक्षकाला मिळतं काय? बदली मागायचा अधिकार.

नीट वाच. अवघड शाळेत राहिल्याचं बक्षीस म्हणजे तिथून सुटका. आपल्या व्यवस्थेनं राहण्याला काही किंमतच ठेवलेली नाही, किंमत ठेवलीय ती निघून जाण्याला. तिसऱ्या वर्षी शिक्षकाला वाडीतल्या प्रत्येक घरातली भांडणं ठाऊक झालेली असतात, कुठलं पोर उपाशी येतं ते कळायला लागलेलं असतं, आणि नेमका तेव्हाच तो फॉर्म भरतो. मी त्याला दोष देत नाही. मीही भरला असता.

त्यावर घरभाड्याची गंमत ऐक. तू कायम झालीस की मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होईल. महागाई भत्ता ५० टक्क्यांच्या वर गेल्यापासून खेड्यात घरभाडं १० टक्के, कोल्हापूर शहरात २०. म्हणजे तुला वाडीत २,९२० आणि शहरातल्या शाळेवर असतीस तर ५,८४०. शहरात भाडी जास्त हे मान्य. पण दवाखाना, दूध, पोरांची शाळा, सगळं दाराशी असलेल्याला दुप्पट आणि दुधाच्या पिशवीला चार किलोमीटर चालणाऱ्याला निम्मं, हे कागदावर कितीही बरोबर असलं तरी माणसाला कळतं काय व्हायचं ते. शिवाय मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावातच, राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागतात. खरं बोलायचं तर नोकरीच्या शेवटच्या बारा वर्षांत मी मंगळवार पेठेत राहून खेड्यातलं घरभाडं घेतलं, आणि ठराव मिळाला. हे छापायला संपादक कचरत होते. छापा म्हटलं, आता पेन्शनीत आहे.

आता ‘काय करू’ याचं. १९८९ साली माझी पहिली नेमणूक गगनबावड्यातल्या एका वाडीवर झाली. साळवणपर्यंत एसटी, पुढं पाच किलोमीटर पायवाट, मध्ये ओढा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ओढा चढला की अलीकडची माणसं अलीकडं. देवळाच्या पडवीत पहिला महिना काढला. कपडे वाळत म्हणून नाहीत, चुलीवर धरून वाळवायचे, आणि सगळ्या साड्यांना धुराचा वास. रोप लावणीला पोरं गायब. हजेरीत सहा नावं, त्यातली दोन माझ्या मागं चुलीपाशी बसलेली.

हे सगळं सोसवत होतं. सोसवत नव्हतं ते एकच, पहाटे अंधारात बाहेर जाणं. वर जळवा, खाली चिखल, आणि एकवीस वर्षांची पोरगी. शिक्षक निवासासाठी मी केलेला अर्ज वरच्या एका कार्यालयात गेला आणि तिथंच मुरला. ऑगस्टमध्ये मी राजीनाम्याचं पत्र लिहून पिशवीत ठेवलं होतं. ज्यांच्याकडं मी जेवत होते त्या आजींना ते कुणी वाचून दाखवलं कोण जाणे. त्या काही बोलल्या नाहीत. गौरी-गणपतीला गावी आलेल्या चार गड्यांना त्यांनी कामाला लावलं. शाळेमागं चिऱ्यांच्या तीन भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रा, आणि पुढं तेलाच्या डब्यांचे पत्रे ठोकून केलेलं दार. आतनं कडी. ती कडी त्यांनी स्वतःच्या गोठ्याची काढून लावली होती.

त्या वाडीत मी सहा वर्षं राहिले. भत्ता एक पैसा नव्हता. नवऱ्याची बदली करवीर तालुक्यात झाली नसती तर आणखी राहिले असते. लोक मला विचारतात, तुम्हाला तिथं कशानं धरून ठेवलं? पोरांच्या प्रेमानं, असं सांगायला हवं. पण मला खरंच त्या कडीनं धरून ठेवलं.

म्हणून तुला विचारते, तुझी कडी कुठली आहे? खोली आहे का, तिथं एकटीला धास्ती न वाटता झोप लागते का, आजारी पडलीस तर तासाभरात गडहिंग्लजला नेणारं कुणी आहे का? यातलं एखादंच अडत असेल तर ते गावाला तोंडानं सांग. नवीन पोरी सांगत नाहीत, थेट अर्ज करतात. गावाला वाटतं, बाई सुखात आहेत. आणि अडचण फक्त पैशाची असेल, तर तिसरं वर्ष संपलं की वेतनश्रेणी लागते. जवळपास दोन वर्षं सोसलीस, आता एकच उरलंय. ते टाकून जाणं मला तरी तोट्याचं वाटतं. पण लातूरला आई-वडील एकटे असतील, किंवा लग्न ठरतंय आणि मुलगा तिकडचा असेल, तर माझ्या हिशोबाला काही अर्थ नाही. बदल्यांच्या धोरणात नवरा-बायको ३० किलोमीटरच्या आत यावेत म्हणून वेगळा संवर्ग आहे, पण तो जिल्ह्याच्या आतला. आंतरजिल्हा बदलीची रांग फार मोठी असते. परीक्षेचा फॉर्म भरून ठेव, राजीनामा मात्र आताच देऊ नकोस.

माझी पुतणी अमेरिकेत शिक्षिकेचं शिक्षण घेते. गरीब वस्तीतल्या शाळेत शिकवीन असं लिहून दिलं म्हणून तिला सरकार अनुदान देतं. आपल्याकडं असं काही का करत नाहीत? — राजारामपुरी

पुतणीला टीच ग्रँट मिळत असणार. वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत. अट अशी की शिक्षण संपल्यावर आठ वर्षांच्या आत चार वर्षं कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या शाळेत, तेही जिथं शिक्षक मिळत नाहीत असा विषय शिकवायचा. तिला एक निरोप द्या, दरवर्षीचा दाखला वेळेवर भर. अट मोडली की अनुदानाचं कर्ज होतं, व्याज पहिल्या दिवसापासून. नुसता कागद उशिरा गेला म्हणून हजारो शिक्षकांच्या अनुदानाचं कर्ज झालं होतं, आणि पुढं तिथल्या सरकारला ते निस्तरावं लागलं. कागद सगळीकडं सारखाच हो. त्याशिवाय पाच वर्षं सलग अशा शाळेत टिकलेल्याचं शिक्षणकर्ज माफ करण्याची वेगळी योजना आहे. गणित-विज्ञान शिकवणाऱ्याला १७,५०० डॉलरपर्यंत.

त्यांचाही पैसा सगळं करतो असं नाही. तिथं एक प्रयोग झाला. चांगल्या ठरलेल्या शिक्षकांना म्हटलं, कमी निकालाच्या शाळेत जा, दोन वर्षांत मिळून २०,००० डॉलर देतो. विचारलेल्यांपैकी फार थोडे तयार झाले. जे गेले ते पैसे मिळत होते तोवर इतरांपेक्षा जास्त टिकले, मग तो फरक विरला. उलट नॉर्थ कॅरोलायना राज्यात वर्षाला अवघे १,८०० डॉलर जादा दिले, तर शाळा सोडणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी घटलं. मला यातनं एवढंच कळतं की एकदम दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरवर्षी, राहिलास म्हणून, हातात पडणारी रक्कम बरी.

आपल्याकडं कागदावर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ग्रामीण भागातल्या हुशार मुलामुलींना बी.एड.साठी शिष्यवृत्ती आणि नंतर आपल्याच भागात नोकरी, शाळेजवळ घर किंवा वाढीव घरभाडं, आणि सारख्या बदल्या थांबवणं, हे सगळं लिहिलंय. मला त्यातलं पहिलं सर्वांत मोलाचं वाटतं. राधानगरीची पोरगी राधानगरीत शिकवायला लागली तर तिला खोली शोधावी लागत नाही, पाऊस नवा नसतो आणि आई हाकेच्या अंतरावर असते. आपण मात्र लातूरची पोरगी चंदगडला धाडतो, चंदगडची पालघरला, आणि मग दोघींचे बदलीचे अर्ज तपासत बसतो.

वय ६६. निवृत्त मुख्याध्यापक. दुर्गम शाळेत पुन्हा शिकवायला जायची इच्छा आहे. मानधन किती मिळेल? गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण मोपेड चालवतो. — कळे, ता. पन्हाळा

सर, जुलै २०२३ मध्ये शासनानं निवृत्त शिक्षकांना कंत्राटी घ्यायचं ठरवलं, महिना २०,००० रुपये, वयाची मर्यादा ७० वर्षं, पवित्र पोर्टलवरनं कायम शिक्षक येईपर्यंत. पुढं २०२४ च्या ५ सप्टेंबरला, बरोबर शिक्षकदिनी, कमी पटाच्या शाळांवर डी.एड., बी.एड. झालेल्या बेरोजगारांना १५,००० वर घ्यायचा निर्णय निघाला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत रद्दही झाला. सांगायचं एवढंच की असले निर्णय ओढ्याच्या पाण्यासारखे, सकाळी घोट्याएवढं आणि दुपारी कमरेएवढं. पंचायत समितीत जाऊन आज काय चालू आहे ते विचारा, गेल्या वर्षीच्या कात्रणावर जाऊ नका.

मानधन नाही मिळालं तरी जायचं असेल, तर आठवड्याचे दोन दिवस ठरवा, ज्या दिवशी तिथल्या गुरुजींना तालुक्याला जावं लागतं तेच. समितीचा ठराव घ्या, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर तुम्ही आगंतुक ठरणार नाही. पावसाळ्यात मोपेड नको, मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की एसटीसुद्धा थांबते. साळवणपर्यंत एसटीनं या. वरच्या पहिल्या पत्रातल्या अध्यक्षांना मी तुमच्याबद्दल कळवलंय. पुढचं अंतर ते मोटारसायकलवरनं नेतील. पाठीमागं बसताना गुडघा जपा.